एक ओळ खाली

प्रिय हरकतबाई,

या नावाने तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. सरांनी ते चिडून ठेवलं होतं आणि तू ते मिरवलंस. पाकीट बघून तुला वाटलं असेल, शाईला आज पत्र लिहायची हुक्की कुठून आली, फोन का नाही केला? फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू "अगं, जाऊ दे ना" म्हणाली असतीस आणि मी खरंच जाऊ दिलं असतं. जाऊ देण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. कागदावर मात्र तुला मला मध्येच अडवता येणार नाही. तेव्हा विनंती एवढीच की शेवटपर्यंत वाच आणि मग काय ती हरकत घे.

आधी बातम्या सांगते, म्हणजे मलाही जरा धीर येईल. सरांनी मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. कारण तत्त्वाचं वगैरे नाही, गुडघ्यांचं आहे, कार्यालयाचा जिना त्यांना चढवेना. त्यांच्या गुडघ्यांना व्यायाम देणारी फिजिओथेरपिस्टच आता आपली अध्यक्ष आहे. पस्तिशीची असेल. बैठकीत दर अर्ध्या तासाने सगळ्यांना उभं करते आणि खांदे फिरवायला लावते. सुतारकाकांना त्यामुळे पूर्वीसारखं सलग झोपता येत नाही. दातांचे डॉक्टर मंडळ सोडून गेले. फाटकाला शेवटी हिरवाच रंग दिला, ज्याच्यावरून त्या दिवशी एवढा काथ्याकूट झाला होता तोच. आणि मीही चिटणीसपद सोडते आहे. बावीस वर्षं पुरे झाली. नवा चिटणीस इतिवृत्त संगणकावर लिहिणार आहे, त्यामुळे माझ्या वळणदार अक्षराची आता कोणाला गरज नाही. हे मी रुसून सांगत नाही. हे पत्र त्या अक्षराबद्दलच आहे.

वह्या सोपवताना एक दाखला द्यावा लागतो. अकरा वह्या आहेत आणि शेवटच्या वहीत लिहायचं असतं की, या सर्व वह्यांमधील नोंदी प्रत्यक्ष कामकाजाप्रमाणे खऱ्या आहेत. ते मी लिहिलं. एकटाकी लिहिलं, खाडाखोड नाही. मग सही करायला पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. तासभर मी कार्यालयात नुसती बसून राहिले. झाडणाऱ्या बाई दोनदा डोकावून गेल्या. शेवटी मी उठून कपाटातून नववी वही काढली. ती उघडावीसुद्धा लागली नाही, आपोआप त्याच पानावर उघडली, कारण त्या पानात मी सहा वर्षांपूर्वी काहीतरी ठेवलं होतं. ते काय, ते सांगतेच.

तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण मला ओळीने सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, खोड म्हण. तळमजल्यावरचं आपलं दुपारघर. ज्यांची आठवण विरत चालली आहे आणि ज्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, अशी म्हातारी माणसं बारा ते पाच तिथे बसायची, आणि त्यांच्या घरची माणसं तेवढ्यात कामं उरकायची नाहीतर पाठ टेकायची. ती खोली अकरा वर्षं ताईने चालवली. तुझी सख्खी मोठी बहीण असली तरी ताई ती सगळ्यांचीच. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला तिने वेगळ्या रंगाचा रुमाल बांधला होता, कारण नाव विसरलेला माणूसही रंग विसरत नाही म्हणायची. एक बटणांचा डबा होता. दिवसभर म्हातारी माणसं बटणं निवडून रंगाप्रमाणे वाट्यांमध्ये लावायची आणि पाच वाजता सगळी घरी गेली की ताई ती पुन्हा एकत्र कालवून ठेवायची, उद्याला काम हवं म्हणून. माझी आई दोन वर्षं पिवळ्या रुमालाच्या खुर्चीत बसली. शेवटी शेवटी ती ताईला माझ्या नावाने हाक मारायची आणि मला विचारायची, बाई, आपण कुठल्या? ताईने कधी त्याचा गवगवा केला नाही. आईची वेणी घालून मला म्हणायची, आज तुझ्या आईने तुझी खूप आठवण काढली हं. खोटं बोलायची बिचारी. तिच्या आणि माझ्या खोट्यात किती अंतर आहे, याचा मी हल्ली फार विचार करते.

मग ते निळ्या रुमालाचे टपालवाले आजोबा. तीन वाजता त्यांना आठवलं की आपली दुपारची फेरी राहिली आहे, आणि ते दार लोटून निघून गेले. अर्ध्या तासाने सापडले ते रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला फेस लावून मजेत बसलेले. न्हाव्याला त्यांनी सांगितलं होतं की पत्रं वाटून झाली. आज हसू येतं, त्या दिवशी त्यांच्या मुलांनी कार्यालयात येऊन टेबल बडवलं होतं. खरी गोष्ट अशी की दाराला आतून उंचावर एक कडी लावा म्हणून ताईने तीन अर्ज दिले होते. तिन्ही मीच इतिवृत्तात घेतले होते आणि तिन्हींपुढे लिहिलं होतं 'विचाराधीन'. मंडळात एक सुतार बसलेला असताना एका कडीसाठी आपण तीन बैठका विचार केला. तूच हे भर बैठकीत म्हणालीस आणि सुतारकाका जागे होऊन म्हणाले की मला कोणी सांगितलंच नाही.

ती बैठक तुला आठवतेच. दातांच्या डॉक्टरांनी ठराव मांडला की उद्या कोणी गाडीखाली आलं तर जबाबदारी कोण घेणार, तेव्हा दुपारघर बंद करावं आणि ती खोली बैठकांसाठी घ्यावी. तू पाऊण तास भांडलीस. एकटी भांडलीस. बाकी आम्ही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो, आणि त्यात मीही होते. मग खालून ताईने बोलावणं पाठवलं, कारण एक आजी रडायच्या थांबत नव्हत्या आणि त्या तुझ्या गाण्याशिवाय शांत होत नसत. तू म्हणालीस, मी आलेच, तोवर या विषयाला हात लावू नका. तू जिना उतरलीस आणि सर म्हणाले, कोणाची हरकत? कोणी काही बोललं नाही. हरकतबाई खाली गेल्या होत्या ना. सरांनी मान हलवली, मी 'मंजूर' लिहिलं आणि आपण फाटकाच्या रंगावर आलो. दहा मिनिटांत तू वर आलीस, तेव्हा हिरवा की तपकिरी हे चाललं होतं. त्या विषयाचं काय झालं, असं तू विचारलंस. सर म्हणाले, झालं झालं, आता रंगाचं बोला. तू सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलंस. मी वहीत मान घातली. तू पर्स उचलून निघून गेलीस.

आता आपली ती रीत. सरांच्या आधीपासूनची, पण सरांनी पक्की केलेली. ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. सूचक खरा असायचा, अनुमोदक पाळीचा. प्रत्येक वेळी कोण अनुमोदन देणार म्हणून विचारत बसायला नको, म्हणून वहीच्या शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत नऊ जणांची यादी होती. ज्याची पाळी त्याचं नाव लिहायचं आणि पेन्सिलीने खूण करायची. एकमेकांना ओळखणाऱ्या, भल्या माणसांचं मंडळ, कोण कशाला आक्षेप घेणार? माणूस हजर नसला तरी पाळी चुकत नसे. वर्षानुवर्षं आपण अशा न दिलेल्या अनुमोदनांवर संस्था चालवली आणि त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. सूचक-अनुमोदकांसह तो ठराव दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा माझ्या अक्षरात खालच्या काचेच्या फलकात लागला. सूचक डॉक्टर, अनुमोदक तू. ताईने तो दुपारघर उघडायला येताना वाचला. लोकांनीही वाचला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तुझ्या पाठीमागे किती जण म्हणाले हे मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यासमोर म्हणाले आणि मी मान डोलावली.

तू मला फोन केलास. तुझा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मी जास्तच घाबरले. माझं नाव तिथे कसं, एवढंच विचारलंस. मी म्हटलं, अगं, रीतीप्रमाणे पाळी तुझी होती, माझ्या हातात काय आहे? तू म्हणालीस, रीतच मोडायला हवी, तुझा काय दोष.

पाळी तुझी नव्हती गं. पाळी माझी होती.

यादीत चौथं नाव माझं होतं आणि पाचवं तुझं. पेन्सिलीची खूण तिसऱ्या नावापुढे थांबली होती. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पक्की नोंद करायला बसले. सूचक लिहिलं. अनुमोदक लिहून दोन टिंबं दिली. आणि मला आईची खुर्ची दिसली. उद्या फलकाशी ताई उभी राहील आणि ज्या खोलीत तिने माझ्या आईची वेणी घातली, ती खोली बंद करायला माझं नाव वाचेल, हे मला सोसेना. मग माझ्या नावापुढे केलेली खूण मी खोडली आणि एक ओळ खाली गेले. तेवढंच केलं. ठरवून तुझं वाईट करावं असं मनातसुद्धा नव्हतं. मला वाटलं, ही तिची बहीण आहे, बहिणीबहिणींचं काय, घरात बोलतील आणि मिटवतील. हिने पाऊण तास भांडण केलं हे सगळ्या मंडळाला माहीत आहे, हिच्या नावाला कोण खरं मानणार? माझ्या नावाला मात्र सगळ्यांनी खरं मानलं असतं. पुढच्या ठरावाला मी माझं नाव घालून टाकलं, म्हणजे यादीचा मेळ बसला. इतकी नीट चूक मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

इथवर वाचून पत्र बाजूला ठेवलं असशील तर पुन्हा हातात घे, अजून अर्धंच झालं आहे. पुढच्या बैठकीला तू येऊ शकणार नव्हतीस, लेकीचं बाळंतपण होतं. जाण्याआधी तू माझ्या घरी येऊन एक चिठ्ठी दिलीस. मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्यापूर्वी माझी ही हरकत वाचून दाखवावी आणि नोंद दुरुस्त करावी, असं तिच्यात होतं. बैठक सुरू झाली. मी इतिवृत्त वाचलं. चिठ्ठी माझ्या मांडीवर होती. सरांनी विचारलं, कोणाची काही हरकत? चिठ्ठी वाचली असती तर कोणीतरी म्हणालं असतं, बघू जरा ती यादी. यादीत मी खोडलेली खूण दिसली असती. मी म्हटलं, हरकत नाही. सरांनी सही केली. एकदा इतिवृत्त कायम झालं की काळ्या दगडावरची रेघ. घरी तुझा फोन आला तेव्हा मी सांगितलं की मी वाचली गं, पण कोणी ऐकून घेतलं नाही. तू राजीनामा पाठवलास आणि लेकीच्या गावीच राहिलीस.

तू इतरांवर रागावली असतीस आणि माझ्यावरही, तर मी कदाचित सुटले असते. पण तू मला धरून ठेवलंस. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला तुझं कार्ड येतं आणि त्यात एक तरी ओळ असते की, त्या सगळ्यांत तू एकटी माझ्या बाजूने उभी राहिलीस. नातवाचे फोटो पाठवतेस. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी आठ दिवस येऊन राहिलीस आणि डोळ्यांत थेंब घातलेस, तेव्हा मी डोळे मिटून पडले होते आणि मनात म्हणत होते, आता सांगावं. तू म्हणालीस, रडू नकोस, टाक्यांना बरं नाही. मी थांबले, टाक्यांसाठी. ती सगळी माया मी फसवून घेतली आहे आणि मला ती गोड लागली, हेही सांगते. तू ताईबद्दल कधी काही बोलायची नाहीस. मीही विचारलं नाही. खाजवून खरूज कशाला काढा, असं म्हणायचे, पण खरूज कोणाची होती ते मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात नव्या अध्यक्षबाईंनी दुपारघर पुन्हा सुरू करायचं ठरवलं. सुतारकाकांनी न सांगता दाराला कडी लावून दिली, पितळेची, उंचावर. नव्या मुलींना काम शिकवायला ताईच हवी, म्हणून तिला बोलवायला गेले ती मी. दारातच ताई म्हणाली की ज्या मंडळात माझ्या बहिणीने अनुमोदन दिलं, त्या मंडळाची पायरी मी चढणार नाही. मी आत जाऊन बसले. तिच्या घरी खिडकीत तो बटणांचा डबा आहे, अजून कालवलेला. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, यादी, चौथी ओळ, पाचवी ओळ, चिठ्ठी. ती घड्या घालत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग तिने हातातलं पांघरूण तसंच मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ती आली होती गं त्याच दिवशी. शपथेवर सांगत होती की ताई, मी नाही. मी म्हटलं, शाईचं अक्षर खोटं बोलत नाही."

हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. तू तिच्या दारात जाऊन आलीस, आणि तुझ्या शब्दासमोर तिने माझं अक्षर ठेवलं, हे मला सहा वर्षांनी कळलं. मी माफी मागायला गेले होते, ती मागायचीही राहून गेली. शेवटी मी म्हटलं, ताई, तिला फोन कर. ती म्हणाली की सख्ख्या बहिणीला खोटं ठरवलं, आता कोणत्या तोंडाने करू? तूच लिही, आणि लिहिशील ते त्याच अक्षरात लिही. म्हणून हे हाताने लिहिते आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, सर्वसाधारण सभा आहे. कायम झालेलं इतिवृत्त दुरुस्त करायचं तर सभेनेच ठराव करावा लागतो, आणि मंडळ सोडलंस तरी तू आजीव सभासद आहेसच. सोबत दोन कागद आहेत. एक तुझी चिठ्ठी, जिच्यामुळे नववी वही आपोआप उघडते. ती तुझी तुला परत. दुसरा माझ्या ठरावाचा मसुदा. त्यात लिहिलं आहे की त्या नोंदीतल्या सभासदाने अनुमोदन दिलेलं नव्हतं, तिचा ठरावाला विरोध होता. चिटणीसाने स्वतःची पाळी टाळण्यासाठी तिचं नाव घातलं आणि तिची लेखी हरकत सभेपुढे ठेवली नाही. हे मी उभी राहून वाचणार आहे, आणि दाखल्यावरची सही त्यानंतर करणार आहे. अध्यक्षबाईंना कल्पना दिली आहे. ताई येणार म्हणाली आहे, शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसेन म्हणाली, आणि शेजारची खुर्ची धरून ठेवेन म्हणाली. तू मला क्षमा करावीस म्हणून मी हे लिहिलेलं नाही, ती मागायला मी वेगळी येईन, तू दार उघडलंस तर. लिहिलं एवढ्यासाठी की मसुद्यात सूचक म्हणून माझं नाव आहे आणि त्याखाली अनुमोदक लिहून दोन टिंबं दिली आहेत. पुढची जागा कोरी आहे. या खेपेला मी तुला विचारते आहे. तू आली नाहीस तर ती जागा कोरीच राहील आणि ठराव पडेल, पण मी तिथे दुसऱ्या कोणाचं नाव भरणार नाही.

तुझीच,
त्या रविवारपर्यंत चिटणीस असलेली,
शाई